ॲग्रो की टेम्पो? नवीन पॅक घेण्याआधी आपला डेक ओळखा

आमच्या चिखलीत ॲग्रो म्हटलं की खतं-बियाण्यांचं दुकान आठवतं आणि टेम्पो म्हटलं की सोयाबीन नेणारी गाडी. हार्थस्टोन या मोबाइलवरच्या कार्ड गेममध्ये मात्र हे दोन शब्द खेळण्याच्या दोन पद्धती आहेत.

दिवाळीत घरी गेलो, तर अकरावीतला मावसभाऊ सलग पाच डाव हरून बसला होता. म्हणाला, "दादा, माहा डेकच बेकार हाय. हजार रुपये दे, नवीन पॅक घेतो." पैसे देण्याआधी मी शेजारी बसून त्याचा एक डाव पाहिला. डेक टेम्पोचा होता आणि चांगला होता. चूक दुसरीकडेच होती.

आधी थोडे नियम

दोन्ही हिरोंकडे 30 हेल्थ असते. कार्ड खेळायला माना लागतो. पहिल्या टर्नला 1, दुसऱ्याला 2, असा तो 10 पर्यंत वाढतो. न वापरलेला माना पुढच्या टर्नला मिळत नाही.

ॲग्रो म्हणजे काय?

स्वस्त कार्डं भराभर उतरवायची आणि थेट हिरोवर हल्ला करायचा. हातातली कार्डं लवकर संपतात, म्हणून त्याआधी समोरचा संपला पाहिजे.

टेम्पो म्हणजे काय?

इथे समोरच्याचा टर्न वाया घालवायचा असतो. समजा, त्याने 5 मानाचा मिनियन उतरवला. तुम्ही 2 मानाचं 'सॅप' खेळून तो त्याच्या हातात परत पाठवला. तुमचे 2 गेले, त्याचे 5. उरलेल्या मानात तुम्ही स्वतःचा मिनियन उतरवता. पण हे उसनवारीसारखं आहे. त्याचं कार्ड त्याच्याकडेच राहिलं, तुमचं मात्र संपलं. मिळालेल्या वेळात डाव आवरला नाही, तर तुम्हीच मागे पडता.

दोघं समोरासमोर आले तर?

इथेच आमचा भाऊ अडकला होता. ॲग्रोच्या 1 मानाच्या मिनियनवर 2 मानाचं सॅप वापरणं तोट्याचंच. त्याच्याकडे 2 अटॅक, 3 हेल्थचा मिनियन होता. समोर 2 अटॅक, 1 हेल्थचा. त्याने तो मारला असता तर स्वतःचा मिनियन 1 हेल्थवर वाचला असता. पण त्याने हिरोवर हल्ला केला. तो छोटा मिनियन पुढचे चार टर्न मारत राहिला आणि एकट्याने 8 हेल्थ घेऊन गेला.

मायकल फ्लोरेस यांनी 1999 मध्ये मॅजिक: द गॅदरिंग या गेमबद्दल लिहिलेल्या लेखात हाच मुद्दा मांडला होता. डावात एकाची भूमिका हल्ल्याची असते, दुसऱ्याची बचावाची. भूमिका चुकली की डाव गेला.

मग ओळखायचं कसं?

पहिल्या दोन-तीन टर्नमध्ये स्वतःला विचारा: डाव लांबला तर फायदा कोणाचा? तुमचा असेल तर आधी मैदान साफ करा, हिरोवर नंतर जा. समोरच्याचा असेल तर थांबू नका, मारा. ॲग्रोसमोर टेम्पोवाल्याने बहुतेक वेळा बचाव करायचा असतो. तोच टेम्पो डेक मोठ्या, महागड्या कार्डांच्या संथ डेकसमोर हल्लेखोर होतो.

भावाने त्याच डेकने पुढच्या तीनपैकी दोन डाव जिंकले. तीन डावांवरून काही सिद्ध होत नाही, पण त्याने हजार रुपयांचा विषय परत काढला नाही.