सात चौकोनांचा पाऊस

मे महिना संपत आला की दापोलीजवळच्या बुरोंडीत सगळ्यांचंच लक्ष आभाळाकडे लागतं. अंगणात कोकमाची सालं वाळत असतात. ती मीठ घातलेल्या कोकमाच्या रसात बुडवायची, उन्हात घालायची, सुकली की पुन्हा बुडवायची. अशी पुटं चढवून आमसुलं तयार व्हायला चार-सहा दिवसांचं सलग कडक ऊन लागतं. मध्येच एक सर आली तर बुरशी धरते. शेजारी सुकी मासळी पसरलेली असते. १ जूनपासून मासेमारी बंद, म्हणून नौका वर ओढून शाकारायच्या असतात. आगोटीची सगळी लगबग एकाच प्रश्नाभोवती फिरते: पाऊस कधी?

उत्तर मोबाइलवर मिळतं. सात दिवसांचे सात चौकोन आणि प्रत्येकात ऊन किंवा ढग. चौकोन सगळे सारख्या आकाराचे असतात, पण त्यामागची खात्री सारखी नसते. असं का, हे कळायला अंदाज कसा तयार होतो ते बघावं लागेल.

सुरुवात मोजमापापासून होते. मुंबई आणि गोव्याहून रोज पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास फुगे सोडतात. वर जाता जाता त्यांना बांधलेलं यंत्र हवेचं तापमान, आर्द्रता आणि वारा कळवतं. इन्सॅट उपग्रह ढगांची चित्रं पाठवतात, रडार जवळपासच्या सरी टिपतं. हे सगळं महासंगणकात जातं. तिथे अख्ख्या पृथ्वीचं वातावरण चौकटींमध्ये विभागलेलं असतं आणि प्रत्येक चौकटीतली हवा पुढच्या काही मिनिटांत कशी बदलेल याचं गणित पुन्हा पुन्हा मांडलं जातं. पूर्वी भारतीय हवामान विभागाच्या मुख्य प्रारूपातली चौकट १२ किलोमीटरची होती. मे २०२५ मध्ये आलेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ने ती ६ किलोमीटरवर आणली. तरीही बुरोंडीचा किनारा आणि वरचा दापोलीचा डोंगरमाथा अशा एक-दोन चौकटींतच मावतात.

अडचण पुढे येते. सुरुवातीच्या मोजमापात थोडीशी चूक राहतेच, आणि दिवसागणिक ती वाढत जाते. म्हणून संगणक तेच गणित सुरुवातीचे आकडे किंचित बदलून अनेकदा करतो. सगळी उत्तरं जवळपास सारखी आली तर अंदाज पक्का. फाटे फुटले तर कच्चा. पहिल्या दोन दिवसांत उत्तरं सहसा जुळतात, सहाव्या-सातव्या दिवशी बरीच पांगतात. मोबाइलवरच्या चित्रात हे पांगणं दिसत नाही.

त्यातून मे महिना फसवा. दुपारी तापलेल्या सह्याद्रीवर समुद्राकडची दमट हवा चढते, ढग उभे राहतात आणि तास-दोन तासांत गडगडून मोकळे होतात. असा वळीव कोणत्या गावावर पडेल हे आठवडाभर आधी कोणीच सांगू शकत नाही. त्यासाठी हवामान विभागाचा पुढच्या तीन तासांचा इशाराच कामाचा.

चक्रीवादळासारख्या मोठ्या प्रणालीची गोष्ट वेगळी, पण तीही किती वेगाने वाढते बघा. २०२० मध्ये अरबी समुद्रात ३१ मे रोजी कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं, १ जूनला ते तीव्र होऊन त्याचं डिप्रेशन झालं, २ जूनला निसर्ग चक्रीवादळ झालं आणि ३ जूनच्या दुपारी ते अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं. दापोली-मंडणगडातल्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या. २४ मे २०२५ रोजी तर एक डिप्रेशन रत्नागिरी आणि दापोलीच्या दरम्यानच किनारा ओलांडून गेलं. त्याच दिवशी मान्सून केरळात पोचला, सरासरी तारखेच्या आठ दिवस आधी.

आता इशाऱ्याची भाषा. ‘तुरळक ठिकाणी’ हे शब्द पाऊस कमी की जास्त ते सांगत नाहीत. भागातल्या जास्तीत जास्त चौथ्या हिश्श्याच्या ठिकाणी तो पडेल, एवढंच सांगतात. त्या मोजक्या जागी तो धो धो कोसळू शकतो. ‘मुसळधार’ म्हणजे २४ तासांत ६४.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त. पिवळा रंग लक्ष ठेवा म्हणतो, नारिंगी तयार राहा, लाल कृती करा. हा रंग अख्ख्या जिल्ह्याला मिळून असतो. रत्नागिरी जिल्हा दक्षिणोत्तर लांबलचक आणि बुरोंडी त्याच्या उत्तरेच्या बाजूला, म्हणून शेजारच्या रायगडचा रंगही बघावा.

समुद्राचा अंदाज स्वतंत्र. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था लाटांची उंची आणि उधाणाचे इशारे देते. दूर दक्षिणेकडच्या वादळाच्या लाटा स्वच्छ उन्हातही आपल्या किनाऱ्यावर येऊन थडकतात. आभाळ निळं आहे म्हणून दर्या शांत असेलच असं नाही. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला असेल तर वादळी वाऱ्याचा धोका बंदरालाच आहे, हे समजून घ्यावं.

मग सात दिवस वाचायचे कसे? पहिले दोन दिवस निर्णयासाठी, तिसरा ते पाचवा तयारीसाठी, सहावा-सातवा फक्त वाऱ्याचा रोख कळण्यासाठी. रोज सकाळी नवा अंदाज बघावा. कालचा धरून बसू नये. सातव्या दिवसाचा ढग रोज एकेक घर पुढे सरकत सहाव्या, पाचव्या, चौथ्या दिवसावर तसाच टिकला तर तो खरा मानावा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा कृषी हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, तोही जोडीला ठेवावा.

शेवटी कच्च्या अंदाजावर किती विसंबायचं, हे तो चुकला तर काय जाईल यावर ठरवावं. कोकमांचं नवं पुट चढवायचं तर पुढच्या दोन-तीन दिवसांच्या उन्हाची खात्री करा. भिजलंच तर एक घाणा जाईल. नौका मात्र सातव्या दिवसाच्या कच्च्या ढगावरही वर ओढायला घ्या. वादळ आलं नाही तर दोन दिवसांची मासळी बुडेल, आलं तर नौकाच जाईल.