खरा इमो कोणता?

आजचा प्रश्न तरुणांच्या वादातला आहे. खरा इमो कोणता?

इमो हा शब्द ‘इमोशनल हार्डकोर’वरून आला. उगम अमेरिकेतल्या वॉशिंग्टन शहरात, १९८५च्या सुमारास. तिथल्या हार्डकोर पंकमध्ये वेग होता, राग होता. राइट्स ऑफ स्प्रिंग आणि एम्ब्रेस या बँडनी त्याच आवाजात मनातली घालमेल गायली. गंमत म्हणजे एम्ब्रेसचे गायक इयन मकाय यांनी तेव्हाच या नावाची खिल्ली उडवली होती.

१९९४मध्ये सनी डे रिअल इस्टेटच्या ‘डायरी’ने हा बाज अधिक सुरेल केला. २००६मध्ये माय केमिकल रोमान्सचा ‘द ब्लॅक परेड’ गाजला. तोवर काळे कपडे आणि डोळ्यांवर केस म्हणजेच इमो, असा समज झाला होता. या बँडचे गायक जेरार्ड वे यांनीही हे लेबल नाकारलं.

फौजेत पलटणीचं नाव पलटणच खांद्यावर चढवते. इथे ते बहुतेकदा बाहेरचे चिकटवतात. म्हणून लेबलवरून फार तर घराणं कळतं. गाणं खरं की बेगडी, हे ऐकूनच ठरतं.

हा पोरखेळ समजू नका. मार्च २००८मध्ये मेक्सिकोतल्या केरेतारो शहरात जमावाने इमो मुलांना मारहाण केली. पेहराव हाच त्यांचा गुन्हा ठरला. कोण कुठला बँड ऐकतो, हे मारणाऱ्यांना कुठे विचारायचं होतं?

तेव्हा वाद जरूर घाला, पण सुरांवर घाला. लेबल पाहून माणसाची पारख करू नका. जय हिंद.