बारावीनंतर काय? आधी आवड ओळखा, मग फॉर्म भरा

दहावी-बारावीचे निकाल लागले की गोंदिया जिल्ह्यातल्या घराघरांत एकच प्रश्न सुरू होतो, "आता पुढे काय?" उत्तरेही ठरलेली असतात. विज्ञान असेल तर नीट, नाहीतर नर्सिंग. कला असेल तर पोलीस भरती किंवा एमपीएससी. ही क्षेत्रे वाईट नाहीत. आपल्या आधीच्या पिढीने शिक्षक, पोलीस, रेल्वे कर्मचारी होऊनच घरे उभी केली. पण मुलाला किंवा मुलीला काय आवडते, काय जमते, हे या सगळ्या चर्चेत कोणी विचारत नाही.

"आधी पोटापाण्याचे बघ, आवड नंतर" असे घरचे म्हणतात. धानाच्या पिकावर आणि तेंदूपत्त्याच्या हंगामावर वर्ष काढणाऱ्या घराने तसे म्हणणे समजू शकते. तरीही आंबेडकरी समाजाला हा प्रश्न टाळता येणार नाही. बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी जे भाषण तयार केले आणि जे होऊ दिले गेले नाही, त्यात त्यांनी हाच मुद्दा मांडला. जात ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, असे ते सांगतात. माणसाचा कल आणि क्षमता न पाहता, आईबापाच्या सामाजिक दर्जावरून त्याचे काम जन्माआधीच ठरवणे हा तिचा दोष आहे. म्हणजे स्वतःचा कल ओळखून काम निवडणे ही आपल्यासाठी चैन नाही. पिढ्यान् पिढ्या नाकारलेला तो हक्क आहे.

आवड कुठून येते?

आवड उपजत असते असे आपण मानतो. समाजशास्त्र थोडे वेगळे सांगते. मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी आकांक्षा बाळगण्याच्या क्षमतेबद्दल लिहिले आहे. स्वप्ने गरिबालाही असतात, पण तिथवर नेणाऱ्या वाटांचा नकाशा त्याच्याकडे अपुरा असतो. ज्याच्या नात्यात वकील, इंजिनिअर, प्राध्यापक आहेत, त्याला चुकले तर दुसरी वाट कोणती हे घरीच कळते. सालेकसा किंवा देवरी तालुक्यातल्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला ते कोण सांगणार? जे काम कधी पाहिलेच नाही, त्याची आवड निर्माण तरी कशी होणार? त्यामुळे "मला काहीच आवड नाही" असे म्हणणाऱ्या मुलाला दोष देऊ नका. त्याला नकाशा द्या.

नकाशा आपल्याच जिल्ह्यापासून सुरू करा

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी माणसांचे व्यावसायिक कल सहा प्रकारांत मांडले: हाताने व यंत्रांवर काम करणारे, शोध घेणारे, कलेत रमणारे, माणसांत रमणारे, पुढाकार घेऊन व्यवहार करणारे आणि नीटनेटके, नोंदींचे काम आवडणारे. बहुतेकांमध्ये यातले दोन-तीन कल एकत्र असतात. आता हे कल गोंदियाच्या मातीत ठेवून पाहू.

पक्षी-प्राणी, जंगल यांची ओढ असेल तर नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प आपल्या दारात आहे. महाराष्ट्रात दुर्मीळ झालेला सारस आपल्या जिल्ह्यातल्या धानाच्या बांध्यांत दिसतो आणि दरवर्षी त्याची गणना होते. या आवडीतून वनरक्षक भरती, अकोल्याच्या कृषी विद्यापीठातील वनशास्त्राची पदवी, पुढे वन्यजीवशास्त्र अशा वाटा फुटतात.

शेतीत डोके चालत असेल तर धान फक्त पिकवायचेच असते असे नाही. गोंदियाच्या राईस मिलपासून शेजारच्या साकोलीच्या भात संशोधन केंद्रापर्यंत बियाणे, प्रक्रिया, साठवण, विक्री अशी कामांची साखळी आहे. कृषी आणि अन्न तंत्रज्ञान हे त्यासाठीचे अभ्यासक्रम.

यंत्रांची आवड असेल तर आयटीआय किंवा पॉलिटेक्निकला कमी लेखू नका. रेल्वे जंक्शन आणि तिरोड्याचा वीज प्रकल्प जिल्ह्यातच आहेत. बिरसीला विमानतळ आहे आणि वैमानिक प्रशिक्षण केंद्रही. ते प्रशिक्षण महाग असते हे खरे. पण हवाई वाहतूक नियंत्रकाच्या भरतीसाठी भौतिकशास्त्र आणि गणितासह बी.एस्सी. किंवा अभियांत्रिकी पदवी चालते. हे अकरावीत गणित सोडण्याआधी कळले तर उपयोग.

विहारात भीमगीते गाणारा, झाडीपट्टीच्या नाटकात रमणारा मुलगा संगीत, ध्वनिमुद्रण, प्रकाशयोजना शिकू शकतो. ग्रामसभेत उठून प्रश्न विचारणाऱ्या मुलीसाठी बारावीनंतरचा पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम आहे, समाजकार्य आहे, पत्रकारिता आहे.

निवड कशी करायची?

पहिले, महिनाभर एक वही ठेवा. कोणत्या कामात वेळ कसा गेला ते कळले नाही आणि लोक कोणत्या कामासाठी तुम्हालाच बोलावतात, हे लिहा. ऑनलाइन कल चाचणी जरूर द्या, पण तिचा निकाल हा अंतिम निर्णय समजू नका.

दुसरे, वहीतून तीन क्षेत्रे निवडा आणि प्रत्येक क्षेत्रातल्या एका माणसाला प्रत्यक्ष भेटा. पगाराबरोबर हेही विचारा की दिवस कसा जातो, त्रास कशाचा होतो आणि सुरुवात कुठून केली.

तिसरे, पात्रता, प्रवेश परीक्षा आणि खर्च एका कागदावर मांडा. जात प्रमाणपत्र, जात वैधता आणि उत्पन्नाचा दाखला यांची तयारी अकरावीपासूनच करा. महाडीबीटीवरची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, शासकीय वसतिगृह, तिथे प्रवेश न मिळाल्यास स्वाधार योजना आणि पुढे परदेशी शिक्षणासाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती यांच्या चालू वर्षाच्या अटी समाजकल्याण कार्यालयातून समजून घ्या. पैशाअभावी सोडलेल्या कित्येक वाटा या योजनांमुळे खुल्या होऊ शकतात.

चौथे, दुसरा पर्याय आधीच ठरवा. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांनी किती वर्षे द्यायची ते सुरुवातीलाच लिहून ठेवावे आणि पदवी अशी घ्यावी की परीक्षा निघाली नाही तरी हातात काम राहील.

पाचवी कसोटी तथागतांच्या सम्यक आजीविकेची. ज्या कामाने पोट भरते पण दुसऱ्याचे नुकसान होते, ते आपल्यासाठी नाही. कालामांना बुद्धांनी सांगितले होते की केवळ परंपरा आहे किंवा कोणी मोठा सांगतो म्हणून काही स्वीकारू नका, स्वतः तपासा. शेजारच्या मुलाने घेतले म्हणून नीटचा क्लास लावणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

आवड एकच असावी लागते असेही नाही. १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेलेल्या बाबासाहेबांचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता. पण ते समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्रही शिकले. १९१६ मध्ये भारतातील जातींवरचा त्यांचा निबंध वाचला गेला तो मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात. पुढे ते कायदा शिकले. यातले प्रत्येक शिक्षण संविधान लिहिताना कामी आले.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

प्रत्येक विहारात एक वही ठेवता येईल. गावातून शिकून बाहेर गेलेल्यांपैकी कोण कोणत्या क्षेत्रात आहे, हे त्यांच्या संमतीने तिच्यात लिहायचे. महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर त्यांच्यापैकी एकाला बोलवा, येणे जमत नसेल तर फोनवर घ्या, आणि दहावी ते बारावीच्या मुलांना प्रश्न विचारू द्या. मुलींना पुढे बसवा. आईवडिलांनाही बोलवा, कारण अंतिम होकार त्यांचा असतो. यासाठी निधी लागत नाही. येत्या वर्षावासात, आषाढी पौर्णिमेपासून, हे सुरू करता येईल.

जय भीम!