धुराच्या साम्राज्याचा हिशेब

राजकारणावर प्रभाव टाकण्यासाठी उद्योगपतीने निवडणूक लढवावीच लागते असे नाही. सत्ताधाऱ्याची तिजोरी भरणेही पुरेसे ठरते. जर्मनीचे सिगारेटसम्राट फिलिप रीम्ट्समा (१८९३-१९५९) यांचे चरित्र हेच सांगते.

वडिलांनी एर्फुर्ट येथे १९१० मध्ये सुरू केलेला छोटा कारखाना फिलिप यांनी भावांच्या साथीने वाढविला आणि १९२३ मध्ये हॅम्बुर्गलगतच्या अल्टोना येथे हलविला. प्रतिस्पर्धी कंपन्या एकामागोमाग एक ताब्यात घेत त्यांनी अल्पावधीतच जर्मन बाजारपेठेवर वर्चस्व मिळविले.

१९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले तेव्हा हे साम्राज्य संकटात सापडले. कंपनीवर भ्रष्टाचाराचे आरोप होते. शिवाय हिटलरच्या 'एसए' या निमलष्करी दलाला 'स्टुर्म' नावाच्या सिगारेटच्या विक्रीतून वाटा मिळत असे. साहजिकच दलातील तरुणांनी रीम्ट्समा यांच्या मालावर बहिष्काराचे अस्त्र उगारले.

अल्टोना त्या वेळी प्रशिया राज्यात मोडत असे आणि तेथील पंतप्रधान होता हर्मान गोरिंग. १९३४ च्या प्रारंभी रीम्ट्समा यांनी त्याला तीस लाख मार्क देऊ केले आणि चौकशीचे शुक्लकाष्ठ टळले. त्याच वर्षी जूनअखेरीस 'एसए'च्या नेत्यांचे शिरकाण झाले व त्या दलाचा दरारा ओसरला. मात्र गोरिंगला पैसे देणे संपले नाही. पुढे दरवर्षी लाखो मार्क जात राहिले. संरक्षणासाठी दिलेल्या पैशाचे रूपांतर भागीदारीत झाले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने व्यापलेल्या क्रिमियातील तंबाखूही या कंपनीच्या कामी आली. ती पिकविण्यासाठी स्थानिकांना वेठीस धरले गेले होते.

युद्धानंतर गोरिंगला दिलेल्या पैशांबद्दल रीम्ट्समा यांच्यावर खटला चालला. कंपनी मात्र पुन्हा उभी राहिली.

वडिलांच्या मृत्युसमयी पुत्र यान फिलिप अवघा सात वर्षांचा होता. वारसा हाती येताच त्याने १९८० मध्ये कंपनीतील आपला हिस्सा विकला आणि १९८४ मध्ये हॅम्बुर्गमध्ये समाजसंशोधन संस्था स्थापन केली. नाझींच्या अत्याचारांत नियमित जर्मन सैन्यही सहभागी होते, हे दाखविणारे या संस्थेचे प्रदर्शन १९९५ मध्ये सुरू झाले आणि देश ढवळून निघाला. १९९७ मध्ये संसदेतही त्यावर चर्चा झडली. काही छायाचित्रांची माहिती चुकीची निघाल्याने १९९९ मध्ये प्रदर्शन मागे घेण्यात आले व सुधारित स्वरूपात ते २००१ मध्ये पुन्हा मांडले गेले.

पित्याने ज्या पैशाने सत्तेकडून मौन विकत घेतले, त्याच पैशाने पुत्राने राष्ट्राला बोलते केले. पित्याचा दोष त्यामुळे पुसला गेला नाही. पण त्याचा हिशेब मांडण्याचे धाडस घरातूनच झाले.