मोडलेला जबडा आणि दातांचा डॉक्टर

सुरतेच्या लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली या भागांत दुकानांच्या पाट्या गुजराती असतात, पण कानावर पडते ती बरीचशी खानदेशी. धुळे, नंदुरबार, जळगावकडून ताप्ती लाइननं आलेली ही माणसं लूमवर आणि डाइंग मिलमध्ये पाळ्या करतात. पाळी सुटली की एका बाइकवर तिघं. हेल्मेट असलंच तर आरशाला लटकवलेलं. गाडी घसरली आणि हनुवटी रस्त्यावर आपटली, की ‘काय व्हयनं?’ म्हणत चार जण जमतात, रक्त पुसतात. सिव्हिलला न्यायचं की खासगीत यावर थोडी चर्चा होते, आणि घरातलं एखादं जाणतं माणूस निकाल देतं : हाड मोडलंय, हाडाच्या डॉक्टरकडे न्या.

आधी सिव्हिल किंवा स्मीमेर रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत नेणं बरोबरच आहे. डोक्याला मार आहे का, श्वास नीट चालतोय का, हे सर्वांत आधी पाहायचं असतं. पण जबड्याचं हाड सहसा अस्थिरोगतज्ज्ञाच्या वाट्याला येत नाही. ते काम ओरल अँड मॅक्सिलोफेशियल सर्जनचं, आणि आपल्याकडे हा सर्जन मुळात दातांचा डॉक्टर असतो. हे कळलं की नातेवाईक एकमेकांकडे बघायला लागतात. दाढ काढणाऱ्याच्या हातात चेहरा द्यायचा? शंका रास्त आहे. उत्तर मात्र जरा लांबचं आहे.

मांडीचं हाड जोडताना दोन मिलिमीटरचा फरक राहिला तर माणसाला कळतही नाही. जबड्यात एवढा फरक चालत नाही. दातांखाली केस आला तरी आपल्याला जाणवतो. वरचे-खालचे दात थोडे जरी वाकडे जुळले, तर भाकरीचा तुकडा तुटत नाही. म्हणून मोडलेला जबडा बसवताना सर्जन आधी दात पाहतो, मग हाड. भूलतज्ज्ञ श्वासाची नळी तोंडाऐवजी नाकातून घालतो, कारण ऑपरेशन चालू असतानाच तोंड मिटवून दातांवर दात बसतात का हे तपासावं लागतं. दातांच्या दोन्ही रांगांना बाहेरून हूक असलेली धातूची पट्टी लावतात, तिला आर्च बार म्हणतात. एकेका दाताभोवती बारीक तार ओवायची, पिळायची आणि टोक आत दुमडायचं, नाहीतर ओठ सोलला जातो. मग वरची पट्टी खालच्या पट्टीला बांधली की दात अपघातापूर्वी बसत तसे बसतात आणि हाडाचे तुकडे त्यांच्यामागून जागेवर येतात. त्यानंतर तोंडाच्या आतून छेद, टायटॅनियमची लहानशी प्लेट आणि तिचे स्क्रू. पुष्कळदा गालावर एकही टाका दिसत नाही. ही प्लेट जबड्याच्या नेमक्या कुठल्या रेषेवर बसवायची, हे फ्रान्सच्या स्ट्रासबर्गमधल्या शांपी यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिलं. त्याआधी तोंड चार ते सहा आठवडे तारांनी बांधून ठेवत, आणि काही फ्रॅक्चरांत आजही ठेवतात. अशा पेशंटच्या उशाशी तार कापायची कात्री ठेवलेली असते. उलटी झाली तर तारा तिथल्या तिथे तोडता आल्या पाहिजेत.

दातांचा हा हिशेब ज्याला पाठ आहे त्याच्याकडेच जबडा गेला, यात नवल नाही. पण तो एवढ्या शस्त्रक्रियेपर्यंत पोचतो कसा?

बारावीनंतर ‘नीट’ ही प्रवेशपरीक्षा, मग दंतवैद्यकीची पदवी, बीडीएस : चार वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप. त्यात शरीररचना, शरीरक्रिया, औषधशास्त्र आणि पुढे जनरल मेडिसिन, जनरल सर्जरी हे विषयही येतात. बीडीएसची पदवी हातात आली म्हणजे सर्जन झाला असं नव्हे. त्यापुढे ‘नीट-एमडीएस’ ही परीक्षा आणि एमडीएसचं तीन वर्षांचं पदव्युत्तर शिक्षण. एकंदर आठ वर्षं, तीही एकदाही न अडखळता गेली तर. एमडीएसच्या नऊ शाखा आहेत, आणि गोम इथे आहे. दात सरळ करणारा ऑर्थोडॉन्टिस्ट एमडीएस, रूट कॅनाल करणारा एमडीएस, कवळी बसवणारा एमडीएस, लहान मुलांचे दात पाहणाराही एमडीएस. जबडा उघडून प्लेट टाकण्याचं शिक्षण यांतल्या एकाच शाखेत मिळतं. तेव्हा पाटीवर नुसतं ‘एमडीएस’ लिहिलेलं असेल तर अर्धीच माहिती मिळाली असं समजावं. आणि ‘इम्प्लांटॉलॉजिस्ट’ नावाची दहावी शाखा आपल्याकडे नाही, पाटीवर अक्षरं कितीही मोठी असोत.

ओरल सर्जरीच्या तीन वर्षांत पहिलं वर्ष मूलभूत विषयांचं. वर्षाअखेरीस त्यांची परीक्षा. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी मुख्य परीक्षा, मधल्या काळात प्रबंध, आणि केलेल्या-पाहिलेल्या प्रत्येक केसची लॉगबुकात नोंद. पण खरं शिक्षण होतं रात्रीच्या कॅज्युअल्टीत. फाटलेला ओठ शिवताना पहिला टाका कुठे घ्यायचा? जिथे ओठाचा लाल भाग संपून कातडी सुरू होते, त्या रेषेवर. ती रेष मिलिमीटरभर चुकली तरी समोरच्या माणसाला आयुष्यभर दिसते. किडलेल्या दाढेचा पू हनुवटीखाली दोन्ही बाजूंनी उतरला, जीभ वर उचलली गेली, पेशंटला आडवं झोपवेना, अशा वेळी प्रतिजैविकं देऊन सकाळची वाट बघत बसायचं नसतं, आधी श्वासाचा मार्ग वाचवायचा असतो. दाढेनं माणूस दगावतो हे ज्यांना खरं वाटत नाही, त्यांनी कुठल्याही ओरल सर्जनला विचारावं. शिकताना भूलशास्त्र, जनरल सर्जरी, अतिदक्षता विभाग इथे काही आठवडे काढावे लागतात. आधी सिनियरला मदत, मग सिनियर शेजारी उभा असताना स्वतः चाकू धरायचा.

आता थोडा इतिहास. दातवाला चेहऱ्यापर्यंत खऱ्या अर्थानं पोचला तो पहिल्या महायुद्धात. खंदकातून डोकं वर काढलं की गोळी नेमकी चेहऱ्यात बसायची. जबडे उडालेले हजारो सैनिक रुग्णालयांत येऊ लागले, आणि त्यांचं काय करायचं हे शल्यविशारदांना ठाऊक नव्हतं. वराझ्ताद कझांजियान हा आर्मेनियन तरुण अमेरिकेत येऊन वूस्टरच्या तारेच्या कारखान्यात राबला, पुढे हार्वर्डचा दंतवैद्य झाला आणि १९१५ साली फ्रान्समधल्या लष्करी रुग्णालयात गेला. तारेशी हाताची जुनी ओळख होती, ती जबडे बांधायला कामी आली. चार्ल्स व्हालाडिए हे दुसरे दंतवैद्य. त्यांना वैद्यकीय पदवी नव्हती, म्हणून त्यांच्यावर देखरेखीला हॅरॉल्ड गिलीज या तरुण डॉक्टरला ठेवलं. पण शिकले ते गिलीज, आणि पुढे आधुनिक प्लास्टिक सर्जरीचे जनक म्हणवले गेले. कझांजियान यांनी अमेरिकेत परतून पुन्हा वर्गात बसून १९२१ साली वैद्यकीय पदवी घेतली. या कामाला एक पदवी पुरे की दोन लागतात, हा वाद असा जुना आहे.

पदवीचाच विषय निघाला आहे तर पुण्याची गोष्ट सांगायलाच हवी. इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणाऱ्या कावसजी नावाच्या मराठा गड्याचं नाक टिपूच्या माणसांनी कापलं. पुण्याजवळच्या, विटा भाजणाऱ्यांच्या जातीतल्या एका माणसानं त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून नवं नाक बसवलं. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’नं १७९४ साली त्याची सचित्र हकिकत छापली; ती पद्धत उचलून जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ साली इंग्लंडमध्ये नाकं बसवायला घेतली. कावसजीचं नाव राहिलं, नाक बसवणाऱ्याचं कोणी टिपून ठेवलं नाही. तो कुठल्या कौन्सिलच्या रजिस्टरवर असण्याचा प्रश्नच नव्हता. आपल्याकडे दंतवैद्यांचा कायदा आला तो १९४८ मध्ये, आणि त्यातही रजिस्टरचे दोन भाग करावे लागले : ‘अ’ भागात पदवीधर, ‘ब’ भागात पदवी नसलेले पण वर्षानुवर्षं त्याच धंद्यावर पोट भरणारे. त्या जुन्या चौकटीच्या जागी २०२३ साली राष्ट्रीय दंत आयोग कायदा करण्यात आला.

आज जगात या कामाला एकच दार नाही. ब्रिटन आणि जर्मनीत या शाखेचा तज्ज्ञ व्हायचं तर वैद्यक आणि दंतवैद्यक अशा दोन्ही पदव्या लागतात. अमेरिकेत दंतवैद्यकीनंतर चार वर्षांची रेसिडेन्सी, किंवा एमडीसकट सहा वर्षांची. स्पेनमध्ये उलटं : वैद्यकीय पदवीवरूनच या शाखेत जातात. आपण दंतवैद्यकीची एकच पदवी आणि वर तीन वर्षं, एवढ्यावर थांबलो. त्यामुळे आपला एमडीएस सर्जन ब्रिटनमध्ये तज्ज्ञ म्हणून बसायचं ठरवतो, तेव्हा त्याला पुन्हा वैद्यकीय महाविद्यालयाची पायरी चढावी लागते.

मग आपलं शिक्षण कमअस्सल का? माझं मत असं, की पदव्या मोजण्यात अर्थ नाही. शिकताना समोर पेशंट कोणते आणि किती आले, ते विचारावं. मुंबईचं शासकीय दंत महाविद्यालय सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात आहे, नागपूरचं मेडिकलला लागून, अहमदाबादचं असारव्याच्या सिव्हिलच्या आवारात. तिथल्या विद्यार्थ्याला अपघाताचे चेहरे रोज दिसतात. पण देशातली बहुसंख्य दंत महाविद्यालयं खासगी आहेत, आणि त्यांतली कित्येक शहराबाहेर, मोठ्या रुग्णालयाच्या शेजाराविना उभी आहेत. तिथून बाहेर पडणाऱ्याच्या हाती पदवी तीच येते, पण त्यानं पाहिलेली जबड्याची फ्रॅक्चरं बोटांवर मोजण्याइतकी असू शकतात. पाटीवरून हा फरक कळत नाही, आणि कळावा अशी सोयही कोणी केलेली नाही.

पदवीनंतरचं चित्रही फारसं गुलाबी नाही. खासगीतला ओरल सर्जन पुष्कळदा बॅग घेऊन फिरतो. सकाळी अडाजणच्या क्लिनिकमध्ये अडकलेली अक्कलदाढ, दुपारी उधन्याला इम्प्लांट, रात्री ट्रॉमाचा फोन आला तर आला. ज्यांना मोठी कामं करायची असतात ते कर्करोग किंवा दुभंगलेले ओठ-टाळू यांची वेगळी फेलोशिप करतात. काही जण केस लावण्याकडे वळले. डेंटल कौन्सिलनं त्याला मान्यता दिली आणि त्वचारोगतज्ज्ञ, प्लास्टिक सर्जन भडकले. मला विचाराल तर ज्या देशात जबडे बांधायला माणूस पुरत नाही, तिथे आठ वर्षं शिकून टक्कल झाकत बसणं हा हाताचा अपव्यय आहे.

कारण सुरतेसारख्या गावात या हाताला काम कमी नाही. गल्लोगल्ली मावा मळला जातो : सुपारीचा कीस, तंबाखू, चुना, प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून. गुजरात आणि महाराष्ट्र दोन्हीकडे गुटख्यावर २०१२ साली बंदी आली. मावा पानटपरीवर तसाच राहिला. सुपारीमुळे गालाच्या आतली त्वचा हळूहळू दोरीसारखी कडक होते आणि तोंड उघडायचं कमी होतं. तिखट झोंबायला लागतं, ते पहिलं लक्षण. मुंबईचे कान-नाक-घसा तज्ज्ञ डॉ. एस. जी. जोशी यांनी भारतात या आजाराचं वर्णन १९५३ मध्येच केलं होतं. घरच्या घरी तपासायचं तर स्वतःची मधली तीन बोटं उभी करून तोंडात घालून पाहा. सहज गेली तर ठीक. दोनच जात असतील तर ओरल सर्जनकडे जा, आणि आजच जा. पट्टे कापून तोंड उघडून देता येतं, पण त्यानंतर कित्येक महिने रोज व्यायाम करावा लागतो. तो टाळला आणि मावा चालू ठेवला तर तोंड पुन्हा आखडतं. हा आजार झालेल्यांपैकी काहींना पुढे कर्करोग होतो. सुपारी एकटीच, तंबाखूशिवायही, कर्करोगाला कारण ठरते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्ये जाहीर केलेलं आहे.

२०२१च्या मे महिन्यात कोरोनापाठोपाठ काळी बुरशी आली, तेव्हा सुरतेतून सुरुवातीलाच पेशंटांच्या बातम्या येऊ लागल्या होत्या. नाक-कान-घसा, डोळे आणि जबडा, तिन्ही विभागांचे सर्जन एकाच टेबलाभोवती उभे राहिले. बुरशी लागलेला वरचा जबडा काढून टाकावा लागे. जगलेल्यांना नंतर जेवता यावं, बोलता यावं म्हणून गालाच्या हाडात चार-पाच सेंटिमीटर लांबीचे इम्प्लांट बसवून त्यावर दात उभे करण्याचं काम पुढे वर्षानुवर्षं चाललं.

तेव्हा वेळ आलीच तर एवढं विचारून घ्या. एमडीएस कुठल्या शाखेत, आणि कुठल्या रुग्णालयात शिकून? स्टेट डेंटल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक काय? अशी ऑपरेशनं तुम्ही स्वतः नेहमी करता का? ऑपरेशन कुठे, भूलतज्ज्ञ कोण, आयसीयू जवळ आहे का? आयुष्मान कार्ड असेल तर या शाखेच्या शस्त्रक्रिया योजनेच्या यादीत आहेत, हे रुग्णालयाला तुम्हीच सांगा. अपघातात दात अख्खा बाहेर आला असेल तर मुळाला हात न लावता दुधात ठेवा आणि तासाभरात पोचा. आणि प्रश्न विचारताना संकोच करू नका. ज्यानं रात्री जागून हे काम शिकलेलं असतं तो नीट उत्तर देतो. जो चिडतो, त्याच्याकडून जबडा बांधून घेऊ नका.