रिपोर्ट नॉर्मल आले, म्हणजे निदान झालं?

महिनोन्‌महिने अंगभर दुखतं, रात्रभर झोपूनही थकवा जात नाही आणि रक्ताचे सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात. मग एक तर ‘तुम्हाला काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका’ असं सांगितलं जातं, नाहीतर ‘काहीच सापडत नाही, म्हणजे फायब्रोमायल्जिया असणार’ असं. वरवर ही मतं परस्परविरुद्ध आहेत, पण दोन्हींमागचा गैरसमज एकच: हा आजार आहे की नाही, ते रिपोर्ट ठरवतात. फायब्रोमायल्जिया दाखवणारी रक्ततपासणी किंवा एक्स-रे नाही. त्याचं निदान लक्षणांवरूनच करावं लागतं, आणि त्यासाठी काय विचारायचं हे ठरलेलं आहे.

१९९० च्या अमेरिकन निकषांनुसार डॉक्टर अंगठ्याने, नख पांढरं पडेल इतक्या म्हणजे सुमारे ४ किलोच्या जोराने, शरीरावरच्या १८ ठरावीक जागा दाबून पाहत; अंगभर दुखणं असून किमान ११ ठिकाणी दुखलं तर निदान पक्कं. २०१० मध्ये ही मोजदाद निकषांतून गेली. २०१६ च्या सुधारित निकषांत जबड्यापासून पोटरीपर्यंत १९ भागांपैकी कुठेकुठे दुखतं हे विचारतात. थकवा, उठल्यावर ताजंतवानं न वाटणं आणि विसराळूपणा किंवा लक्ष न लागणं, यांना तीव्रतेप्रमाणे ० ते ३ गुण मिळतात. दुखणं शरीराच्या ५ पैकी किमान ४ विभागांत असावं आणि लक्षणं किमान ३ महिने टिकलेली असावीत.

रुग्णाच्या सांगण्यावर एवढी भिस्त कशी ठेवायची, हा आक्षेप रास्त वाटतो. पण मायग्रेनचं निदानही असंच होतं आणि त्याला कुणी खोटं म्हणत नाही. शिवाय २००२ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात अंगठ्याच्या नखावर सारखाच दाब दिला, तेव्हा निरोगी माणसांपेक्षा या रुग्णांच्या मेंदूतले वेदनेचे भाग कितीतरी जास्त सक्रिय झालेले स्कॅनमध्ये दिसले. असा स्कॅन निदानासाठी वापरत नाहीत. पण ‘मनाचे खेळ’ म्हणणाऱ्यांना एवढं उत्तर पुरे.

मग तपासण्या कशाला? तर असंच दुखणं देणारे दुसरे आजार सुटू नयेत म्हणून. थायरॉइड मंदावणं, ‘ड’ जीवनसत्त्वाची मोठी कमतरता, कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्या यांनीही अंग दुखतं. पन्नाशीनंतर खांदे आणि कंबर अचानक आखडली आणि रक्तातला ईएसआर हा दाह दाखवणारा आकडा वाढलेला असला, तर पॉलिमायल्जिया रुमॅटिका हा दाहाचा आजार आठवायला हवा. मात्र सरसकट ‘आर्थ्रायटिस पॅकेज’ करून घेणं त्रासाचंच ठरतं, कारण एएनए ही तपासणी काही धडधाकट माणसांतही पॉझिटिव्ह येते आणि ल्युपस या स्वयंप्रतिकार आजाराची भीती विनाकारण मानगुटीवर बसते.

चूक दोन्ही बाजूंनी होते. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या संधिवात विभागात ४९७ रुग्ण निकषांवर तपासले, त्याचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. निकषांत बसणाऱ्या १२१ पैकी ६० जणांचं निदान डॉक्टरांकडून राहून गेलं होतं, आणि निकषांत न बसणाऱ्या ४३ जणांवर फायब्रोमायल्जियाचा शिक्का बसला होता. हे तर तज्ज्ञांच्या दवाखान्यात झालं.

‘आधीच संधिवात आहे, म्हणजे फायब्रोमायल्जिया नाही’ हाही गैरसमजच. २०१६ चे निकष स्पष्ट सांगतात की दुसरा आजार असला तरी हे निदान ग्राह्य आहे. ऱ्हुमॅटॉइड संधिवाताच्या रुग्णात ते हुकलं, तर सांध्यांची सूज उतरलेली असूनही केवळ दुखतंय म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं वाढवली जातात. उलट, फायब्रोमायल्जियाचं निदान झालेल्या माणसाचा सांधा सुजला, ताप येऊ लागला किंवा वजन उतरू लागलं, तर त्याचं कारण नव्याने शोधावं लागतं. जुन्या निदानात ते बसत नाही.