नकाशावरचं अभयारण्य

गोव्याच्या दुपटीहून मोठं अभयारण्य एकेकाळी महाराष्ट्रात होतं. १९७९ साली सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांतला ८,४९६ चौरस किलोमीटर मुलूख सरकारने माळढोक पक्ष्यासाठी राखीव म्हणून जाहीर केला. त्यात गावं आली, बाजारपेठा आल्या, हमरस्ते आले, लोकांची सातबाऱ्यावरची शेतं आली. वनखात्याच्या हातात मात्र माळरानाचे विखुरलेले तुकडेच होते. उत्तर सोलापूर तालुक्यातलं नान्नज हा त्यांतला नावाजलेला तुकडा.

माळढोक मीटरभर उंच, नर तर १५ किलोपर्यंत भरतो. पावसाळ्यात तो एखाद्या उंचवट्यावर येतो, गळ्याची पांढरी पिशवी खाली लोंबेपर्यंत फुगवतो, शेपूट पाठीवर उभारतो आणि घुमतो. माद्यांना तो लांबून दिसला पाहिजे, म्हणून जागा मोकळीच लागते. मादी घरटं बांधत नाही. मुरमाड जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते आणि जवळपास महिनाभर एकटीच उबवते. कुत्रं आलं, मेंढरांचा कळप अंगावरून गेला, की तो हंगाम वाया.

असल्या पक्ष्याला झाडांची राई काय कामाची? पण महसुली दप्तरात माळ म्हणजे पडीक, आणि पडीक दिसलं की झाडं लावायची ही आपली जुनी खोड. अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमात नान्नजचे पट्टे राखले गेले, चराई थांबली, गवत वर आलं. त्याचा माळढोकला फायदाच झाला. १९८०च्या दशकात पक्षीतज्ज्ञ डॉ. असद रहमानींनी या पक्ष्याचा अभ्यास केला तो इथेही. पण त्याच पट्ट्यांत ग्लिरिसिडियासारखी झाडंही लावली होती. ती वाढली तशी उघडीप आक्रसली.

कुंपणाबाहेर तर सगळंच पालटलं. माळढोक कोरडवाहू रानात किडे-टोळ टिपत हिंडायचा. उजनीचं पाणी आलं, विहिरी-बोअर खोल गेल्या, ज्वारी-करडईच्या जागी ऊस उभा राहिला. उसाच्या फडात माळढोक शिरत नाही. वर विजेच्या तारा. डोळे डोक्याच्या बाजूंना असल्याने समोरची तार त्याला वेळेवर दिसत नाही.

शेतकऱ्याला अभयारण्य भेटलं ते कागदावर. जमीन विकायची, उद्योग काढायचा, तर परवानगी आणा. पक्षी कधी न पाहिलेल्या गावांनाही त्याचा राग येऊ लागला, आणि तो राग गैर नव्हता. मध्य प्रदेशात करेराला हेच झालं: १९८१चं अभयारण्य, खासगी जमिनी, वैतागलेली गावं, १९९०च्या दशकात तिथला माळढोक संपला. आपल्याकडे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि क्षेत्र साधारण १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं. तोवर नान्नजला मोजकेच पक्षी उरले होते.

याउलट नगर जिल्ह्याच्याच कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी अभयारण्य १९८०चं, क्षेत्रफळ अवघं २.१७ चौरस किलोमीटर. तिथे काळवीट टिकलं. म्हणून लहान ते चांगलं, असं मात्र नाही. काळविटाला ज्वारीचं कोवळं रान चालतं, अंडं उघड्यावर टाकायचं नसतं, आणि एवढ्याशा जागेत ते मावत नाही म्हणून शेतात उतरतं. मग पंचनामा, अर्ज, भरपाईची वाट. रेहेकुरीचं खरं कुरण आसपासच्या शेतकऱ्यांचं आहे. त्याचं भाडं कुणी धरत नाही.

अलीकडे पुणे वनविभागाने इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीला आणि बारामती तालुक्यातल्या शिर्सुफळला माळरान सफारी सुरू केली. चिंकारा, लांडगा, तरस दाखवायला गावातलीच पोरं वाटाडे म्हणून असतात. लांडग्यापायी मेंढरू गमावलेल्या धनगराच्या पदरात यातलं काय पडतं, हे अजून पाहायचं आहे.